शोभेचे रिव्हॉल्व्हर

शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि शस्त्रे एकाच छपराखाली नांदतात. दिनकर केळकरांनी हौसेने जमवलेला हा संग्रह अकाली गेलेल्या राजा या पुत्राच्या नावे उभा आहे. घरी जुनी रिव्हॉल्व्हरे जमवू पाहणाऱ्याची हौस मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यापाशी अडते. तारणाप्रमाणे येथेही कागद आधी, वस्तू नंतर! कलम ४५ पुरातन मूल्याच्या शस्त्राला सूट देते. पण दुरुस्त करूनही ते चालणार नसेल, तरच. नुसते बिघडलेले असणे पुरत नाही. आजोबांचे रिव्हॉल्व्हर एक स्प्रिंग बदलताच चालू होणार असेल, तर बैठकीत मांडूनही ते शोभेची वस्तू ठरत नाही. चकाकी आणण्याच्या उत्साहात ही अट नजरेतून निसटते आणि विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा नातवावर येतो.