टाळूतला स्क्रू

लेकीच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत पडायच्या. घास चावताना ती जबडा एका बाजूला सरकवायची. पंचवटीतल्या भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयात दाखवलं. चार दाढांवर बँड आणि टाळूच्या मधोमध स्क्रू बसला.

चावी फिरवायची जबाबदारी माझी. चावी म्हणजे तारेचा आकडा. हातातून निसटून घशात जाऊ नये म्हणून तिला दोरा बांधलेला. नवरा टॉर्च धरायचा. पुढून छिद्रात घालून मागे ढकलायची, पुढचं छिद्र नीट समोर आलं की पाव फेरा पुरा. एवढ्यात स्क्रू पाव मिलिमीटर उघडतो. "आई, नाकाच्या वर दाबल्यासारखं होतंय," असं ती म्हणायची. दातांवरचा दाब नाकाशी कसा जाणवतो?

डॉक्टरांनी समजावलं. "ताई, दात हाडात थेट रुतलेला नसतो, मुळाभोवती तंतूंचं पातळ आवरण असतं. हलका दाब ठेवला तर त्या बाजूचं हाड हळूहळू विरघळतं आणि दात सरकतो. तारांचं काम असंच चालतं. इथे मात्र जोर मुद्दामच जास्त लावतो. आवरण चेपतं, त्यातलं रक्त अडतं, दात फारसा हलत नाही आणि जोर जातो टाळूच्या मधल्या सांध्यावर." लागोपाठच्या फेऱ्यांनी हा जोर साठत आठ-नऊ किलोंपर्यंतही जाऊ शकतो. कोवळ्या दाढांवर एवढा भार, या विचाराने माझा हात थरथरायचा. पण दाढा इथे नुसत्या मुठीसारख्या; उघडायचा होता तो सांधा. वयात येताना त्याच्या कडा एकमेकींत गुंततात, म्हणून हे लहानपणीच करायचं.

साबुदाण्याची खिचडी स्क्रूत अडकायची, ती सुईविना सिरिंजने पाणी मारून काढायची. एवढाच काय तो जाच.

मग एका सकाळी पुढच्या दोन दातांत फट दिसली. शेजारच्या काकू हळहळल्या, मला मात्र उड्या माराव्याशा वाटल्या. सांधा उघडला होता! तो पुढे जास्त उघडतो, मागे कमी, म्हणून खूण पुढे दिसते.

दाढा जुळल्यावर फिरवणं थांबलं. स्क्रू मात्र तसाच राहिला, कारण मधल्या जागेत नवं हाड भरायला काही महिने लागतात. तोवर हिरडीतल्या ताणलेल्या तंतूंनी ते दोन दात आपोआप जवळ ओढून आणले. त्यांना तार लावावीच लागली नाही.