माळवदावरची माती

घनसावंगी तालुक्यातलं आमचं घर पाच खणांचं, धाब्याचं. वाडा म्हणावं एवढा त्याला तोरा नाही. पुढे ओसरी, आत माजघर, चुलीची खोली. अंगणापलीकडे गोठा, त्याला लागून वैरणीचा कोठा आणि आडाजवळ न्हाणी. घरातलं धान्य बळदात. ज्वारी जास्त झाली की अंगणातल्या पेवात. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा, तो विझला तर माणूसही विझेल, हा आजीचा दंडक.

आजी गेली, बैल विकले, चूल थंड झाली. गोठा आधी पडला. जनावर नाही तर शेण नाही, शेण नाही तर सारवण नाही, आणि वाळवीला मोकळं रान. घराचं लाकूड मात्र टिकलं होतं. चुलीच्या धुराने ते काळंकुळकुळीत झालेलं. त्याला कीड लागली नव्हती.

गेल्या वैशाखात पाडायचं की ठेवायचं यावर आम्हा भावांची बैठक बसली. धाकटा म्हणाला, गजांचे कारखाने जालन्यात, हाताशी. स्लॅब टाका, मोकळे व्हा. चूक काय त्याचं? गावात बहुतेकांनी तेच केलंय. घरकुलाच्या योजनेत किमान २५ चौरस मीटर बांधकाम धरतात. त्यात माणसं मावतात, बळद आणि गोठा मावत नाही. चुलते तंबाखू मळत एवढंच म्हणाले, "आधी वर चढून बघा की. मग काय पाडायचं ते पाडा."

चढलो. खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलच्या, मग कडुलिंबाचा पाला, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर गावठाणातली पांढरी माती. ती ओली झाली की दाटून बसते, पाणी खाली उतरू देत नाही. मृगाच्या आधी दर वर्षी तिचा नवा थर पडायचा. जुना मात्र कुणीच काढला नव्हता. साण्याच्या, म्हणजे छतातल्या झरोक्याच्या, कडेला टिकाव मारला तर मातीची जाडी दीड हात भरली. उन्हाळ्यात घर गार का राहतं ते कळलं. छातीत धस्सही झालं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली. आदल्या दिवशीच गणपती बोळवलेले, माणसं गाढ झोपेत. त्यांच्यावर कोसळल्या त्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर्षानुवर्षं जड होत गेलेली माळवदं. त्यानंतर आमची आजी कित्येक दिवस अंगणातच निजायची. मराठवाड्यात माळवदाविषयी जी भीती बसली ती खोटी नाही, आणि मातीच्या घरांचं कौतुक करणाऱ्या शहरी पाहुण्यांनी ती हसण्यावारी नेऊ नये.

पण दोष फक्त मातीचा नव्हता. आमच्या गवंड्याने भिंतीचं एक खिंडार दाखवलं: बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये नुसती कपची आणि माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार जोडदगड कुठेच नाही. हादरा बसला की अशा भिंतीचे दोन पदर सुटतात. आमच्या घरात छताचा भार खांबांवर होता, म्हणून भिंत उतरवून पुन्हा रचणं जमलं.

आठवडाभर घमेली खाली येत राहिली. माती उतरवून वीतभरच ठेवली, भिंतीत जोडदगड घातले, पन्हाळी बदलल्या. गोठा पुन्हा उभा केला नाही. जनावराशिवाय गोठा उभारणं मला नाटकी वाटतं. तिथे आता पत्र्याखाली ट्रॅक्टर असतो.

ज्यांची माळवदं अजून उभी आहेत, त्यांनी यंदा मृगाच्या आधी वर चढून एका कडेला खणून पाहावं. थर वितीहून फार जाड निघाला तर नवी माती टाकण्याआधी जुनी उतरवा, आणि खांब-भिंती जाणत्या गवंड्याला दाखवल्याशिवाय खाली झोपू नका.