नाक वडाळ्याला गेलं

आमच्या घरात एक दोनशेपानी वही आहे. तिचं पहिलं पान माझ्या नणंदेच्या अक्षरात आहे : ‘डावा गाल प्रायमर. उजवा नुसता. जुईनगर : दोन्ही ठीक. वाशी : वारा, बरं वाटलं. मानखुर्द : उजव्या भुवईवर चमक. वडाळा : नाक गेलं.’ नवख्या माणसाला हा अपघाताचा पंचनामा वाटेल. तो फाऊंडेशनचा आहे. अपघातही झाला होता, पण तो त्याआधी, कामोठे गावठाणात, एका लग्नात. आणि तो मीच केला होता.

पनवेल महापालिका झाली त्या वर्षी, म्हणजे २०१६ साली, आम्ही लालबागच्या चाळीतून कामोठ्यात आलो. वन बीएचकेचा हॉल मी पडदा लावून अर्धा केला आणि पार्लर सुरू केलं. आयब्रो, वॅक्सिंग, फेशियल. एमजीएम कॉलेजच्या मुली फेअरवेलच्या आदल्या दिवशी झुंडीनं यायच्या. ब्रायडलचं काम मात्र गावठाणातून आलं. सिडकोच्या इमारतींच्या मधोमध मूळ आगरी गाव तसंच उभं आहे आणि तिथली लग्नं ही लग्नं असतात! हळदीची रात्र लग्नापेक्षा मोठी. बेंजो, जेवणावळी, सबंध आळी नाचते. त्या गदारोळात एका कोपऱ्यात बसून धवलारीण धवले गात असते आणि तिचं गाणं झाल्याशिवाय कुठलाही विधी पुढे सरकत नाही. मी लालबागची असून मला तो थाट नवीन होता.

मे महिना. नवरी सावळी, तरतरीत, नाकीडोळी नीटस. दुपारी बारा वाजता मी माझी पेटी घेऊन पोचले. लग्न संध्याकाळी, मग स्टेज, फोटो, रात्री बारापर्यंत पाहुणे. म्हणजे मेकअपनं बारा तास तग धरायला हवा. मी नवं मॅट फाऊंडेशन आणलं होतं, बाटलीवर चोवीस तासांची हमी. आता वाटतं, ही हमी ज्यांनी लिहिली त्यांनी पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात बसून लिहिली नसणार.

मी काय काय चुका केल्या ते एकदा सांगून टाकते. आदल्या रात्रीची हळद तेलात कालवलेली होती, केसांच्या कडेला आणि कानामागे ती तशीच राहिली होती. मी साध्या फेसवॉशनं एकदा धुऊन घेतलं, झालं. त्यावर क्रीम, क्रीम मुरायच्या आत पाण्याच्या बेसचा जेल प्रायमर, आणि त्याच्यावर लगेच सिलिकॉनचं फाऊंडेशन. नवरीच्या मावशीनं ‘जरा उजळ दिसू दे’ म्हटलं म्हणून दोन शेड वरची बाटली. टिकायला हवं म्हणून तीन थर. आणि भीतीपोटी वर पावडर, पावडर, पावडर.

तेवढ्यात वीज गेली.

पंखा थांबल्यावर पाच मिनिटांत तिच्या कपाळावर मण्यांसारखा घाम उभा राहिला. मी टिश्यूनं पुसला आणि टिश्यूबरोबर मळाच्या वळ्या निघाव्यात तशा फाऊंडेशनच्या वळ्या निघाल्या. झाकायला पुन्हा थर. वीज आली, कूलर सुरू झाला, चेहरा वाळला. संध्याकाळी ती मांडवात उभी राहिली तेव्हा नाकाच्या दोन्ही बाजूंना, ओठांच्या कडेला बारीक भेगा पडल्या होत्या. नवरीची आजी जवळ आली, डोळे बारीक करून बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “पोरीचा तोंड भाकरीवानी फाटलाय गो.”

मी राहिलेले पैसे मागितले नाहीत. त्यांनी द्यायला काढले होते, हे मला जास्त लागलं. फोटो आले तेव्हा अजून एक गोष्ट कळली : डोळ्यांखाली मी जी बारीक सिलिकाची पावडर दाबून भरली होती ती फ्लॅशमध्ये पांढरी फटक उजळली होती. चेहरा राखाडी, डोळ्यांखाली चुना.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक काका राहायचे. सगळा जन्म नाटक कंपन्यांबरोबर रंगभूषाकार म्हणून काढलेला. रात्री बस, सकाळी गाव, दुपारी एक प्रयोग, रात्री दुसरा. निवृत्त झाल्यावरही पनवेलच्या फडके नाट्यगृहात ओळखीचं नाटक लागलं की प्रेक्षागृहात न बसता आधी रंगपटात डोकावून यायचे. मी त्यांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. आत जाऊन एक चपटा गोल डबा घेऊन आले. पॅनकेकचा. आतली वडी मधोमध झिजून तळ दिसायला लागला होता.

पॅनकेक हा शब्द मी पार्लरच्या कोर्समध्ये शिव्या खातानाच ऐकला होता : ‘पॅनकेक थापल्यासारखं करू नका.’ काकांच्या तोंडी तो अदबीनं यायचा. मॅक्स फॅक्टरनं तो १९३०च्या दशकाच्या शेवटी रंगीत सिनेमासाठी काढला. आधीचा तेलकट ग्रीजपेंट टेक्निकलरच्या दिव्यांखाली चकाकायचा, म्हणून ही दाबलेली कोरडी वडी. ओल्या स्पंजनं उचलायची, पातळ लावायची, वाळली की चमक नाही. मॅट म्हणजे तुम्ही काल शोधून काढलंय असं वाटतं ना, असं म्हणून काकांनी स्पंज पाण्यात बुडवला, घट्ट पिळला, वडीवर एकदाच फिरवला आणि माझ्या मनगटावर टेकवला. घासला नाही. टेकवला, उचलला, टेकवला.

“आता हात लावू नकोस. चहा करून आण.”

चहा झाला तेव्हा मनगटावर रंग होता पण थर नव्हता. बोट फिरवलं, आलं काहीच नाही. नळाखाली नुसतं पाणी सोडलं, थेंब घरंगळले. मग त्यांनी मला मनगट रुमालानं पुसायला लावलं : एका फटक्यात अर्धं गेलं. दुसऱ्या मनगटावर तेच केलं आणि रुमाल नुसता दाबायला लावला : रुमाल ओला, रंग जागच्या जागी.

“शाळेत टिपकागद वापरलायस की नाही? शाईवर तो घासायचीस का? दौऱ्यावर पंखा नसलेल्या रंगपटात मी नटांना एवढंच ओरडायचो. पुसू नका रे, टिपा.”

नव्या बाटल्यांना ते नाक मुरडायचे नाहीत, हे विशेष. विक्रम गायकवाडांना ‘बालगंधर्व’ सिनेमाच्या रंगभूषेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा काकांनी इमारतीत पेढे वाटले होते, असं शेजारच्या वहिनी सांगतात. पण बाटलीत काय आहे ते वाच, असं ते मला म्हणाले आणि ते माझ्या कोर्समध्ये कुणीच सांगितलं नव्हतं. मी वाचायला लागले. बहुतेक मॅट फाऊंडेशनमध्ये उडून जाणारं सिलिकॉन असतं, सायक्लोपेंटासिलोक्सेनसारखं. ते हवेत जातं आणि मागे रंगाचा ताणलेला पापुद्रा उरतो. जाईपर्यंत चार-पाच मिनिटं लागतात. त्याआधी वर काही लावलं की पापुद्रा धरतच नाही. पाण्याच्या जेलवर सिलिकॉन म्हणजे तर ओल्या ताटावर तेल. आणि मॅटपणा येतो तो सिलिका, टाल्क, केओलिन अशा भुकट्यांमुळे. त्या तेल पितात. किती पितील त्याला मर्यादा आहे. पोट भरलं की तेल वर येतं आणि मग नाक दिव्यासारखं उजळतं.

रंग काळवंडतो त्याचंही कोडं तिथेच सुटलं. कोरडी माती फिकी दिसते, पाऊस पडला की तीच गडद. फाऊंडेशनमधले लोहाचे रंग तेलात भिजले की तेच होतं. बायका म्हणतात, उन्हानं काळं पडलं. ऊन नाही हो, आपलंच तेल.

हे सगळं वाचून झालं, पण बारा तास कुणाच्या चेहऱ्यावर बघायचं? माझ्या चेहऱ्याला घाम कमीच येतो आणि मी दिवसभर पंख्याखाली. तेव्हा नणंद पुढे आली. ती फोर्टला नोकरीला होती. मानसरोवरहून आठच्या सुमाराची सीएसएमटी लोकल, लेडीज डबा, सव्वा तासाच्या आसपास, बहुतेक वेळा उभ्यानं. “वहिनी, माझ्या तोंडावर कर प्रयोग. मला पण फुकटात मेकअप.” तिची त्वचा तेलकट, कपाळ तर सकाळी सातलाच तुळतुळीत. याहून चांगलं मैदान मला मिळालं नसतं.

रोज सकाळी अर्धा चेहरा एका रीतीनं, अर्धा दुसऱ्या. ती डब्यातून मेसेज पाठवायची आणि रात्री वहीत उतरवून काढायची. वाशीच्या खाडीवर वारा लागला की सगळंच सुधारल्यासारखं वाटतं, त्यामुळे तिथला शेरा धरायचा नाही, हे आम्ही आठवड्यात शिकलो. खरी परीक्षा कुर्ल्याला. चढणाऱ्या-उतरणाऱ्या बायकांच्या रेट्यात कुणाचा दंड गालाला घासला की काम तमाम. एक दिवस मेसेज आला : ‘कुर्ला. डावा गाल एका काकूंच्या ब्लाऊजवर आहे.’

हळूहळू नाक पुढे सरकायला लागलं. वडाळा, मग शिवडी, कॉटन ग्रीन. आठवड्याआठवड्यानं एकेक स्टेशन. सनस्क्रीन लावून दहा मिनिटं थांबलं की डॉकयार्ड. प्रायमर सगळीकडे न लावता नुसता नाकाशेजारी आणि भुवयांच्या मध्ये, आणि तोही सिलिकॉनचाच, की सॅण्डहर्स्ट रोड. फाऊंडेशन दोन पंपांऐवजी एक, ओल्या स्पंजनं टेकवून, की मशीद. पावडरचं गणित मी पोळीवरून शिकले. पिठी लावल्याशिवाय पोळी सुटत नाही, पण जास्त झाली की तव्यावर जळते. पफ पावडरमध्ये बुडवायचा, तळहातावर झटकायचा आणि मग दाबायचा.

सगळ्यात नवल मला क्रीमचं वाटलं. तेलकट चेहऱ्याला आधीच क्रीम कशाला, म्हणून मी ते बंद केलं होतं. सीएसएमटीपर्यंत छान जायचं, पण दुपारी तीनच्या शेऱ्यात रोज एकच वाक्य : ‘ओठांच्या कडेला भेगा.’ ऑफिसात एसी. बाहेर दमट, आत कोरडं. भुकटीनं वरचं तेल पिऊन टाकलं, एसीनं पाणी ओढलं, आणि खालची कातडी आवळली. तेलकट असणं वेगळं आणि ओलसर असणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं. नवरीच्या आजीनं ते एका वाक्यात सांगितलं होतं. तांदळाच्या पिठाला उकड नीट दिली नाही, कोरडं राहिलं, की थापताना कडा फाटतात. मी हलकं क्रीम परत आणलं, मुरायला वेळ दिला, आणि भेगा गेल्या.

दुपारचं टचअप हा स्वतंत्र छळ होता. नणंद सवयीनं चमकणाऱ्या नाकावर थेट कॉम्पॅक्ट फिरवायची. तेलात पावडर, म्हणजे नाकावर पिठलं. आधी टिश्यू दाबून तेल टिपायचं, मग पावडर, हे तिच्या अंगवळणी पडायला महिना गेला. टिश्यू नसेल तर बिस्किटाच्या पुड्याचा कागद चालेल का, असं तिनं एकदा विचारलं होतं. तो तेल पीत नाही, चालत नाही. वर्तमानपत्राचा कोरा काठ चालतो, पण हे मी सांगितलं म्हणून कुणाला सांगू नका.

शेडबद्दल मात्र माझं आणि बायकांचं अजून जमत नाही. लॅक्मे ही कंपनी टाटांनी १९५२ साली काढली, म्हणजे आपल्या कातडीसाठी आपल्याकडे बनलेला मेकअप तसा जुना आहे. आज बाटल्यांच्या रांगेत सावळ्या, गव्हाळ, तांबूस, सगळ्या शेड मिळतात. तरी माझ्यासमोर बसलेली प्रत्येक दुसरी आई बोट ठेवते ते सगळ्यात वरच्या बाटलीवर. उजळ शेडमध्ये पांढरा टायटॅनियम जास्त, आणि तो सावळ्या रंगावर बसला की राखेचा पोत येतो. वर तेलानं पिवळा-तांबडा गडद झाला की चेहरा एक आणि मान दुसरीच. मी आता शेड मनगटावर दाखवतच नाही. जबड्याखाली लावते, मुलीला गॅलरीत उजेडात नेते आणि आईला म्हणते, रेघ कुठे दिसतेय ती शोधा. सापडली नाही की आया गप्प बसतात. काही बसतही नाहीत.

कोविडच्या काळातली लग्नं म्हणजे मास्क. नाक आणि हनुवटी निघून मास्कमध्ये जायची आणि स्टेजवर नवरी दोन रंगांची. तो काळ आठवायला नको.

त्या गावठाणातल्या घरी मी परत गेले ती पहिल्या नवरीच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला. मला बोलावलं याचंच आश्चर्य. सकाळी आधी बाम लावून हळदीचं तेल सोडवलं, मग फेसवॉश, मग बर्फ फडक्यात गुंडाळून कपाळावर आणि गालांवर. एक थर. थांबले. दुसरा थर, फक्त जिथे हवा तिथे. थांबले. मावशी दोनदा येऊन म्हणाली, “झाला का नाय?” मी म्हटलं, “वाळतंय.” भिंत रंगवणाऱ्याला कुणी असं घाईला आणत नाही. रात्री अकराला आजी स्टेजवर चढल्या, नातीच्या गालावर अंगठा टेकवला, अंगठा दिव्याखाली धरून निरखला. काही बोलल्या नाहीत. निघताना माझ्या हातात मावऱ्यांचा डबा ठेवला, वर दोन तांदळाच्या भाकऱ्या. कडा सरळ, एकही भेग नाही.

काका आता नाहीत. तो पॅनकेकचा डबा त्यांच्या मुलानं मला दिला. पार्लरमध्ये आरशाखाली असतो, मुली मला विचारतात हे कुठल्या ब्रॅण्डचं.

वही मात्र अर्ध्यावर थांबली आहे. नणंदेची गेल्या वर्षी बेलापूरला बदली झाली. मानसरोवर, खारघर, बेलापूर. एवढ्या प्रवासात तर साधी पावडरसुद्धा टिकते. नवी बाटली आली की ती म्हणते, “वहिनी, आता तुझी तू जा.” मग क्रॉफर्ड मार्केटला माल आणायच्या निमित्तानं मीच अर्धा-अर्धा चेहरा करून आठची गाडी पकडते. परवा मशिदीला उतरले तेव्हा डावं नाक शाबूत होतं. उजवं गोवंडीला गेलं.