आणंदची दूधमंडळी

गाडी पहाटेच आणंदला पोहोचली. स्टेशनवर चहा घेताना आई म्हणाली, "आरेच्या बाटल्यांसाठी किती रांगा लावल्या मी! ते दूध इथूनही यायचं म्हणे." म्हणून तर तिला घेऊन आले होते.

रिक्षाने जवळच्या एका गावात गेलो. पाटी होती, 'दूध उत्पादक सहकारी मंडळी'. आपल्याकडे मंडळी म्हणजे माणसं, गुजरातीत मंडळी म्हणजे संस्था. इथे दोन्ही अर्थ एकाच रांगेत उभे! बहुतेक बायकाच, हातात स्टीलच्या बरण्या.

हे सगळं सुरू झालं ते मुंबईमुळे. १९४५ साली तेव्हाच्या मुंबई सरकारने शहराला इथून दूध न्यायचं ठरवलं. गोळा करायचं काम पोल्सनला मिळालं. सरकारला, कंपनीला, दलालांना परवडेल असा भाव निघाला. म्हशी राखणाऱ्याला मात्र पूर्वीइतकेच पैसे. सरदार पटेलांनी सांगितलं, दूध स्वतःच विका. जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावी मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली आणि पुढे पंधरा दिवस शेतकऱ्यांनी व्यापाऱ्यांना दूध घातलं नाही. त्याच वर्षी १४ डिसेंबरला खेडा जिल्हा संघाची नोंदणी झाली. अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल.

पण दलाल गेला म्हणून अडचण संपली नाही. म्हशी हिवाळ्यात भरपूर दूध देतात, मुंबईची गरज काही तेवढी वाढत नाही. उरलेलं दूध कोण घेणार? म्हशीच्या दुधाची पावडर होतच नाही, असं तेव्हा परदेशी तज्ज्ञ सांगत. १९४९ मध्ये केवळ सरकारी कराराची मुदत भरायला आलेले आणि कधी एकदा सुटतो असं झालेले व्हर्गीस कुरियन इथेच राहिले. त्यांचे मित्र एच. एम. दलाया यांनी ती पावडर करून दाखवली. १९५५ मध्ये कारखाना उभा राहिला आणि हिवाळ्यातलं दूधही घेता येऊ लागलं. मला विचाराल तर, लोणी-चॉकलेटच्या जाहिरातींपेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

पुढे गावाची मंडळी, जिल्ह्याचा संघ आणि १९७३ पासून राज्याचा महासंघ अशी उतरंड पक्की झाली. पूर्वी कॅन ट्रकवर चढत. आता गावातच दूध थंड करणारी टाकी असते, टँकर येऊन घेऊन जातो. बरणी ओतली की पडद्यावर फॅट आणि रक्कम उमटते.

रांगेतल्या एका बाईंशी आईचं मुंबईच्या मोडक्यातोडक्या गुजरातीत सूत जुळलं. सासूच्या काळी दुधाचे पैसे रोख हातात पडायचे, आता बँकेत जमा होतात, असं त्या सांगत होत्या.

"खातं कोणाच्या नावावर, बेन?" आईने विचारलं.

बाई हसल्या. "एमना." म्हणजे नवऱ्याच्या. म्हशींचं शेण, वैरण, धार सगळं त्यांच्याकडे, सभासदत्वही नवऱ्याचंच. मग हळूच म्हणाल्या, अर्ज दिलाय, माझं नाव लावा म्हणून. गेल्या महिन्यात.

घरी नेऊन त्यांनी चहा केला, मंडळीत न घालता घरासाठी राखलेल्या दुधाचा. एरवी चहात दूध कमी मागणारी आई त्या दिवशी काहीच बोलली नाही. निघताना तिने फक्त विचारलं, "अर्जाची पोच घेतलीत ना?"