आपल्या प्रकृतीची बोट

वैद्यबुवा पुडी बांधण्यापूर्वी नाडी पाहतात, शिंपी कापडाला कात्री लावण्यापूर्वी माप घेतो. बोटीचे तिकीट काढताना मात्र आपण मंडळी आपली नाडी पाहत नाही की कोणाला माप देत नाही. आपण चकचकीत जाहिरात पाहतो, मग खिसा पाहतो आणि शेजारचे कुलकर्णी मागच्या वर्षी कुठे गेले होते ते पाहतो. मग चार दिवस पाण्यावर काढून घरी आल्यावर एक जण म्हणतो, "छे, विश्रांती कसली ती!" आणि दुसरा म्हणतो, "नुसते खाल्ले आणि झोपलो, पाहिले काय?" दोघेही एकाच बोटीवर होते. बोट वाईट नव्हती, ती त्यांच्या प्रकृतीची नव्हती.

मराठी माणसाला बोट नवी नाही. मुंबईहून कोकणात आणि गोव्याला जाणाऱ्या आगबोटींनी कित्येक पिढ्यांना माहेरी नेले, सासरी आणले आणि गणपतीला घरी पोचवले. 'बोट लागणे' हा शब्दप्रयोग त्या प्रवासांतूनच घरोघर आला. त्या काळी निवडीचा प्रश्नच नव्हता. धक्क्याला जी बोट लागेल ती आपली, आणि डेकवर वळकटी पसरायला जी जागा मिळेल ती आपली खोली. ती वाहतूक पुढे बंद पडली. २०२१ च्या सप्टेंबरात मुंबईहून 'कॉर्डेलिया'च्या सफरी सुरू झाल्या आणि पुन्हा घरोघर बोटीचा विषय निघू लागला. या खेपेला मात्र कुठे पोचायचे म्हणून नव्हे, तर नुसते फिरायचे म्हणून!

माझ्या मते सुट्टीवर निघणाऱ्या माणसांच्या तीन प्रकृती असतात. पहिली विसावा मागणारी: तिला कोणी उठवू नये, चहा हातात मिळावा आणि संध्याकाळी काय करायचे हे दुसऱ्याने ठरवावे. दुसरी गजबज मागणारी: तिला गाणे हवे, खेळ हवेत, पंगत हवी, दहा नवी माणसे हवीत. तिसरी पाहणारी. तिला डोळ्यांसमोर काहीतरी हवे, आणि ते दिसावे म्हणून ती पहाटे चारला उठेल, उपाशी राहील आणि बरोबरच्यांनाही उपाशी ठेवील. एका कुटुंबात बहुधा या तिन्ही प्रकृती नांदतात. खरी पंचाईत तिथेच आहे.

पहिल्या दोन प्रकृतींना मोठे जहाज मानवते. मुंबईहून सुटणारी 'एम्प्रेस' १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली. अकरा मजले, पोहण्याचा तलाव, नाटकघर. अशा जहाजावर खोली घेताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खिडकी नसलेली आतली खोली सर्वांत स्वस्त असते. ज्याला फक्त झोपण्यापुरती खोली हवी, त्याने सज्जाचे पैसे भरू नयेत. आणि ज्याला बोट लागते, त्याने उंचावरची किंवा टोकाची खोली टाळून मध्यावरची, खालच्या मजल्यावरची घ्यावी; तिथे हेलकावा कमी जाणवतो. तिकिटात जेवण असते म्हणून सगळेच फुकट असे समजू नये. पेये आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे बहुधा वेगळे पडतात.

तिसऱ्या प्रकृतीला मात्र हे जहाज जितके मोठे, तितके पाणी लांब पडते. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मायामीहून 'आयकॉन ऑफ द सीज' नावाचे जहाज पहिल्या सफरीला निघाले. वीस मजले, साडेसात हजारांवर उतारू. एवढ्या उंचीवरून समुद्र म्हणजे खाली अंथरलेली निळी सतरंजी! पाणी पाहायचे असेल, तर पाण्याला हात लागेल अशा बोटीत बसले पाहिजे. आणि तशी बोट पुणेकरांना तीन तासांच्या आत सापडते. ती मिळते इंदापूर तालुक्यात.

भीमेवरचे उजनीचे धरण सोलापूर जिल्ह्यातले, १९८० साली पुरे झालेले. त्याचा फुगवटा मात्र मागे पसरत थेट भिगवणच्या पलीकडे आला आहे. धरण पूर्ण भरले म्हणजे सुमारे ११७ टीएमसी पाणी. त्यातले निम्म्याहून अधिक, म्हणजे जवळजवळ ६४ टीएमसी, मृत साठा धरतात. म्हणून उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत 'उजनी उणे' अशी बातमी येते, तेव्हाही तिथे पाणी असतेच. या पाण्याखाली गावे गेली, शेते गेली. पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिर पाण्यात आहे. पाणी ओसरू लागले की आधी शिखर वर येते, आणि एखाद्या कोरड्या वर्षी माणसे पायी चालत गाभाऱ्यापर्यंत जातात. ज्यांची घरे इथे बुडाली, त्यांच्यातल्या कित्येकांच्या मुलांनी पुढे याच पाण्यात जाळे टाकले. आता त्यांची नातवंडे होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात.

दिवाळीची सुट्टी लागली की लगेच तिकडे धावू नये. तेव्हा धरण तुडुंब असते, आणि रोहित पक्ष्याला हवे असते गुडघाभर पाणी आणि चिखल. पाणी उतरू लागले की उथळ काठ उघडे पडतात. जानेवारी ते मार्च हा खरा हंगाम.

आम्ही गेलो ते गेल्या फेब्रुवारीत. मुक्काम बारामतीला, भाच्याकडे. मोरोपंतांचे हे गाव आता कारखान्यांचे आणि महाविद्यालयांचे झाले आहे. तिथून भिगवण पाऊण तासाच्या रस्त्यावर. पहाटे निघालो: मी, सौ., भाचा, त्याची बायको आणि त्यांची आठ वर्षांची चिमी. कुंभारगावच्या काठावर होड्या ओळीने लागल्या होत्या. आमचा होडीवाला तिशीतला असावा. त्याने आधी आम्हाला मोजले, मग लाइफ जॅकेटे काढली आणि चिमीचे पट्टे स्वतः आवळले. सौ.नी जॅकेट हातात धरून "साडीवर हे कसे दिसेल?" असा प्रश्न केला. तो शांतपणे म्हणाला, "आज्जी, घातल्याबिगर होडी हालायची न्हाई." आज्जींनी मुकाट्याने घातले. चाळीस वर्षांच्या संसारात मला जे जमले नाही, ते त्याने एका वाक्यात केले.

थोडे अंतर यंत्रावर गेलो. मग त्याने यंत्र बंद केले आणि लांब बांबू पाण्यात रोवून होडी ढकलू लागला. आवाज थांबला तसे पाण्याचे खरे आवाज ऐकू आले. डावीकडे चक्रवाकांची जोडी, पुढे शेकाट्यांची रांग, एका बाभळीच्या बुडालेल्या खोडावर राखी बगळा. आणि मग दूरवर एक गुलाबी रेघ. जवळ जाताच त्या रेघेला पाय फुटले, माना फुटल्या. रोहित आपली वाकडी चोच पाण्यात उलटी धरतो आणि तिच्यातून चिखलपाणी गाळून घेतो. त्याचा गुलाबी रंग या खाद्यातूनच येतो. पिले करड्या रंगाची असतात. चिमीने विचारले, "म्हणजे मी बीट खाल्ले तर?" तिच्या आईने ही संधी सोडली नाही.

होडीवाल्याने बांबू रोवून होडी थांबवली. भाचा म्हणाला, "दादा, अजून थोडे पुढे घ्या की." तो म्हणाला, "पुढं गेलं की उठत्याल. एकदा उठलं की त्येंचं खाणं मोडतं." अशा वेळी कळते की पाहणाऱ्या प्रकृतीला होडीपेक्षाही होडीवाला निवडावा लागतो. जो पक्षी उडवून फोटो काढून देतो तो नव्हे. जो अंतर राखतो तो.

परतताना ऊन चढले होते. पळसदेवच्या शिखरापर्यंत होडीनेच जावे, असे भाच्याच्या मनात आले. त्याने जास्त पैसे देऊ केले. होडीवाल्याने आकाशाकडे नव्हे, पाण्याकडे पाहिले. लांबवर पाण्याचा रंग काळसर झाला होता आणि त्यावर बारीक शहारे उठत होते. "वारं सुटलंय. आता नगं," तो म्हणाला. भाच्याने रक्कम वाढवली. तेव्हा तो एवढेच बोलला, "कळाशीचं ऐकलं असंल तुमी." भाचा गप्प झाला.

कळाशीचे सगळ्यांनीच ऐकले होते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याकडच्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुले होती. ती माणसे सहलीला निघाली नव्हती. धरणाच्या पाण्याने दोन काठांत जे अंतर पाडले, ते रस्त्याने फार लांब पडते. म्हणून माणसे बोटीत बसतात. त्यांना बोट निवडण्याची चैन नसते. त्यानंतर शिरसोडी ते कुगाव पुलाची चर्चा वाढली, ती यासाठीच.

आणि मोठी बोट म्हणजे सुरक्षित, असेही नाही. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' आगबोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. १९१२ च्या 'टायटॅनिक'नंतर जगाने समुद्रावरच्या सुरक्षेचे करार केले. आज सागरी सफरीच्या जहाजावर सुटण्यापूर्वी किंवा सुटताच प्रत्येक उतारूला संकटात कुठे जमायचे ते दाखवावे लागते. ही कवायत कंटाळवाणी वाटते, म्हणून काही मंडळी तेव्हाच खाण्याच्या टेबलाकडे वळतात. त्यांना कुंभारगावच्या त्या होडीवाल्याच्या हाती द्यावे!

तेव्हा बोट निवडताना मी आता चार प्रश्न विचारतो. आपल्याला विसावा हवा, गजबज हवी की पाहायचे आहे? घरात तिन्ही प्रकृती असतील, तर या वर्षी कोणाची पाळी? आपल्याला पाण्यापासून किती उंच बसायचे आहे? आणि चौथा, जो खरे म्हणजे पहिला: ही बोट चालवणारा माणूस 'नाही' म्हणू शकतो का? पैसे वाढवले, आर्जव केले, लहान मुलगी रडली, तरी वारा पाहून जो यंत्र बंदच ठेवतो, त्याची बोट वीस मजल्यांची असो की पाच फळ्यांची, तिच्यात मुलेबाळे घेऊन खुशाल बसावे.

त्या दिवशी आम्ही पळसदेव रस्त्याने जाऊन काठावरूनच पाहिले. पाण्यात उभे शिखर, त्यावर एक पाणकावळा पंख वाळवीत बसलेला. नंतर भिगवणला चिलापीचे कालवण आणि बाजरीची भाकरी झाली. पहिली आणि दुसरी प्रकृतीसुद्धा त्या पंगतीत तृप्त झाली.