थोरली भारतीय, धाकटा ब्रिटिश

स्लाव, इंग्लंड, ४ जुलै २०२४
आज इथली सार्वत्रिक निवडणूक. मुलगा आणि दिवस भरत आलेली सूनबाई, दोघंही मत देऊन आले. पासपोर्ट दोघांचे भारतीयच! राष्ट्रकुलातला माणूस कायदेशीर परवान्यावर इथे राहत असेल तर पार्लमेंटसाठी मत देऊ शकतो. महसूल खात्यात निवडणुकीच्या ड्यूट्या करत माझी उमर गेली, तरी दोनदा विचारून खात्री केली.

१० जुलै
नातू झाला. जन्मतःच ब्रिटिश, कारण मार्चमध्ये आईबापांना आयएलआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळाला. थोरली नात याच गावात २०१९ला जन्मली. तेव्हा दोघं वर्क व्हिसावर, म्हणून ती भारतीय. भारतात आमच्या कोरेगावला येऊन परतायचं तर जन्मगावी जायला तिला व्हिसा! १ जानेवारी १९८३ पासून इथे नुसता जन्म पुरत नाही, आईबापांचे कागद बघतात. आपल्या कायद्यानेही १ जुलै १९८७ पासून तेच केलं, त्यामुळे इंग्रजांना नावं ठेवायला मला तोंड नाही.

१४ जुलै
आईबापांना आयएलआर मिळाल्याने आता थोरलीचीही ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी करता येते. तिची फी १,२१४ पौंड. फीविरुद्धचा दावा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. तेव्हा फी १,०१२ आणि सरकारचा खर्च ३७२. कोर्टाने फेब्रुवारी २०२२मध्ये ती कायदेशीर ठरवली. ऐपत नसलेल्या मुलांना माफी मात्र त्याच वर्षी सुरू झाली. आमच्या तहसील कचेरीने नकलेवर एवढा नफा काढला असता तर विधानसभेत तारांकित प्रश्न आला असता.

२१ जुलै
सूनबाईचं मन होत नाही. थोरली ब्रिटिश झाली की तिचा भारतीय पासपोर्ट परत करायचा. ब्रिटनला दुहेरी नागरिकत्व चालतं, आपल्याला चालत नाही. मग दोघा भावंडांना ओसीआय, म्हणजे भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांचं, कार्ड: येण्याजाण्याला मोकळीक, पण मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने मिळते. म्हणजे माझ्या सातबाऱ्यावर नातवंडांची नावं लागतील, पण बांधालगतचे दोन गुंठे कुणी विकायला काढले तर त्यांना घेता यायचे नाहीत. भारतीय माणूस इथे पार्लमेंट निवडतो आणि ओसीआयवाल्या नातवाला आमच्या ग्रामपंचायतीचंही मत नाही, हे मला पटत नाही.

तरी मुलाला म्हटलं, अर्ज लगेच कर. आईबापांच्या आयएलआरवर मिळणारा हा हक्क मूल १८ वर्षांचं होण्याआधीच मागावा लागतो.