आधी नावे, मग भाव

रविवारची मिस्सा आटोपून माणसे चर्चच्या आवारात रेंगाळू लागली की जे विषय निघतात, त्यांत घरांच्या आणि जागांच्या व्यवहाराचा विषय आमच्या वसईत गेली कित्येक वर्षे ठाण मांडून बसलेला आहे. कुणाची वाडी गेली, कुणाच्या जुन्या घराच्या जागी चार मजले उभे राहिले, कुणाच्या मुलाने विरारला सदनिका घेतली, अशा वार्ता निघतात आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो, "भाव काय फुटला?" घर घ्यायचे असो वा विकायचे असो, व्यवहाराचा श्रीगणेशा भावापासून व्हावा, ही समजूत आपल्यात इतकी मुरली आहे की तिच्याविषयी कुणी शंका घेत नाही. आम्हांला मात्र अनुभवान्ती असे वाटू लागले आहे, की भाव ही व्यवहारातील शेवटून दुसरी गोष्ट होय. पहिली गोष्ट नावांची. या घरावर कुणाकुणाचे नाव आहे, कुणाचे असायला हवे होते, आणि कुणाचे नाव सोयीस्करपणे विसरले गेले आहे, हे ज्याने आधी पाहिले त्याचा व्यवहार निम्मा पार पडला असे समजावे.

पवित्र शास्त्रातील जमीनखरेदीची पहिली सविस्तर हकिकत उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात आहे. सारा मरण पावली आणि तिच्या दफनासाठी अब्राहामाला हेब्रोनजवळची मकपेलाची गुहा हवी होती. मालक एफ्रोन हित्ती ती त्याला फुकट देऊ करत होता. दुःखात असलेल्या माणसाने ते दान स्वीकारले असते तर कुणी नावे ठेवली नसती. परंतु अब्राहामाने नगराच्या वेशीत, सर्वांच्या देखत, चारशे शेकेल रुपे तोलून दिले. शेत, त्यातील गुहा आणि शेताच्या चतुःसीमेतील झाडे त्याची झाली, अशी बारीक नोंद तेथे आहे. आपल्या जुन्या खरेदीखतांत 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपांसह' अशी जी शब्दांची माळ असते ती वाचताना आम्हांला नेहमी मकपेलाच्या झाडांची आठवण होते. विश्वासाने जगणाऱ्या त्या माणसाला साक्षीदार आणि चतुःसीमा अनावश्यक वाटल्या नाहीत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 'आपलीच माणसे आहेत, कागद कशाला?' असे म्हणणाऱ्यांनी तर ती विशेषच ध्यानात ठेवावी.

नावांचा प्रश्न आपल्या समाजात वाटतो तितका सरळ नाही. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव 'बस्त्याव' असते, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत ते 'सेबॅस्टियन' असतात. कुणी 'इनास' कागदोपत्री 'इग्नेशियस' होतो, तर कुणी 'जुवांव' 'जॉन' होतो. हे एकच गृहस्थ होत हे पुढे प्रतिज्ञापत्र करून सिद्ध करावे लागते, आणि तेव्हा चर्चच्या जीर्ण नोंदवहीतील एक ओळ घराचा आधार ठरते. त्यातच १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा त्यापूर्वीच्या कागदांवर ठाणे जिल्हा असणार. २००९ साली महानगरपालिका झाली, तेव्हा गावठाणातील घरांच्या जुन्या नोंदी ग्रामपंचायतीच्या दप्तरातल्या. शिवाय सातबारा किंवा घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. सातबारा मुळात महसुलासाठी ठेवलेला अभिलेख आहे. मालकी कशी चालत आली हे जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे आणि फेरफारांचे उतारे एकापुढे एक मांडूनच कळते.

आमच्या वडिलांच्या घराचा प्रश्न निघाला तेव्हा आम्ही दलालाला बोलावण्यापूर्वी एक कोरा कागद घेतला आणि त्यावर आमच्या कुळाची वेलपत्री काढली. वडील १९९८ साली गेले, मधला भाऊ २००६ साली, आणि आई २०१५ साली. कुणीही मृत्युपत्र केले नव्हते. अशा वेळी आपणां ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्याचा हिशेब सरळ आहे. मालमत्तेचा एकतृतीयांश भाग विधवा पत्नीचा आणि उरलेला दोनतृतीयांश मुलामुलींत समसमान. मुलगा व मुलगी असा भेद त्यात नाही. आम्ही पाच भावंडे, म्हणजे वडिलांच्या पश्चात प्रत्येकाचा पंधरातील दोन भाग झाला. मधला भाऊ वडिलांच्या मागून गेला, म्हणून त्याचा हिस्सा आमच्या वहिनींकडे आणि त्याच्या मुलांकडे आला. आईचा हिस्सा पुढे आम्हां चौघांकडे आणि दिवंगत भावाच्या मुलांकडे गेला, वहिनींकडे नव्हे. तोच भाऊ वडिलांच्या आधी गेला असता, तर वहिनींना त्या घरात कायद्याने काहीच मिळाले नसते, जे मिळाले असते ते त्यांच्या मुलांना. मृत्यूंचा क्रम बदलला की हक्कांचा क्रम बदलतो, हे आम्हांला त्या कागदाने शिकवले. पाच भावंडांचे घर म्हणून जे बोलले जात होते, ते प्रत्यक्षात सात जणांचे घर निघाले.

त्या सातांत आमच्या दोन बहिणी होत्या. बहिणींविषयी आपल्या घरांतून जे बोलले जाते ते वाचकांना ठाऊक आहे. 'तिचे लग्न करून दिले, सोने घातले, आता तिचे काय राहिले?' हा युक्तिवाद इतक्या प्रेमळ आवाजात केला जातो की ऐकणारीलाही तो न्याय्य वाटू लागतो. परंतु ज्या कायद्याचा उल्लेख वर केला, त्यातच असे स्पष्ट कलम आहे की बापाने हयातीत अपत्याला आगाऊ जे दिले असेल, ते वारसाहिस्सा ठरवताना वजा करावयाचे नाही. लग्नातील सोने हा हिश्शाचा हप्ता नव्हे. केरळात १९१६ च्या त्रावणकोर कायद्याचा आधार घेऊन ख्रिस्ती मुलींना नाममात्र वाटा दिला जाई. मेरी रॉय नावाच्या बाईंनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९८६ साली त्यांच्या बाजूने निकाल लागला. आपल्या भागात तर समान वाट्याचा कायदा आधीपासूनच होता. उणीव कायद्याची नव्हती.

आमच्या थोरल्या बहिणीला निरोप गेला तेव्हा तिचे उत्तर आले, "सही कुठे करायची ते सांगा, मी येते." इतके सोपे उत्तर मिळाल्यावर कागद पुढे सरकवण्याचा मोह कुणालाही होईल. आम्ही तिला म्हटले, "सही नंतर. आधी तू काय सोडते आहेस ते ऐक." तिच्यापुढे वेलपत्री ठेवली, प्रत्येकाचा हिस्सा वाचून दाखवला, आणि हक्कसोडपत्र म्हणजे काय हेही सांगितले. ते एकदा नोंदले गेले की परतीची वाट जवळजवळ बंद होते. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी माझा वाटा घेईन. पैशांची नड आहे म्हणून नव्हे. या घरात माझेही काही होते, हे माझ्या मुलांना कळू दे." धाकट्या बहिणीने आपला वाटा स्वखुशीने वहिनींच्या मुलांना दिला. दोघींचे निर्णय निराळे झाले, पण दोघींनी ते डोळे उघडे ठेवून केले. हक्क सोडणे ही उदारता असू शकते. परंतु हक्क आहे हेच ज्याला सांगितलेले नाही, त्याच्या सहीला उदारता म्हणता येणार नाही.

गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायातील सलाफहादाच्या पाच मुली आम्हांला या संदर्भात आठवतात. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा अशी त्यांची नावे शास्त्राने एकेक करून जपली आहेत. सर्व मंडळीसमोर उभ्या राहून त्यांनी बापाच्या वतनात वाटा मागितला. मोशेने तो प्रश्न परमेश्वरापुढे नेला आणि मुलींचे म्हणणे योग्य ठरले. त्यांना भाऊ नव्हता, हे खरे. आपला कायदा त्यापुढे गेला आहे आणि भाऊ असतानाही बहिणीला समान मानतो. आपली मने अद्याप तेथवर पोहोचावयाची आहेत.

बैठकीत आणखी एक गोष्ट थोरल्या बहिणीनेच काढली. आम्ही पुरुषमंडळी क्षेत्रफळ आणि रस्त्याची रुंदी मोजत होतो, तिने विचारले, "अंगणातल्या क्रुसाचे काय?" मे महिन्यात शेजारपाजारच्या बाया त्या क्रुसापाशी रोझरीला जमत. खरेदीखतात 'तदंगभूत वस्तूंसह' म्हटले की क्रूसही त्यात गेला. आम्ही धर्मगुरूंशी बोललो आणि साठेखत होण्यापूर्वीच तो क्रूस प्रार्थनापूर्वक धाकट्या भावाच्या अंगणात हलवला. विहिरीवरची वाट, शेजाऱ्याचा पाण्याचा पाट, कुंपणातील सामाईक झाड, अशा गोष्टी भावात येत नाहीत, पण पुढे भांडणे नेमकी त्यांवरूनच होतात.

एक भाऊ परदेशी असल्याने त्याचे मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून आणावे लागले. ज्या घरात अज्ञान मुलाचा हिस्सा असतो तेथे वकिलाचा सल्ला घेऊन न्यायालयाची परवानगी काढावी. गोव्यात सोयरिकी असणाऱ्यांनी हेही जाणून असावे की तेथील कायद्यानुसार पतिपत्नीची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक असते आणि घर विकताना दोघांचीही सही लागते.

घर घेणाऱ्याने सुरुवात कोठून करावी? आमच्या मते त्याच ठिकाणाहून, मात्र उलट्या बाजूने. आमचे घर ज्या कुटुंबाने घेतले, त्यातील वृद्ध गृहस्थ पहिल्या भेटीत ओसरीवर बसले आणि भाव न विचारता म्हणाले, "तुम्ही भावंडे किती? बहिणी कुठे दिल्या?" आम्हांला त्या प्रश्नाचा राग आला नाही. उलट घर योग्य हाती जाते आहे अशी खात्री पटली. घेणाऱ्याने टेबलाभोवती कोण बसले आहे हे तर पाहावेच, पण कोण बसलेले नाही हे अधिक बारकाईने पाहावे. दुय्यम निबंधक कचेरीत मागील तीस वर्षांचा शोध घ्यावा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्यात. जमीन शेतीची असेल तर कुळकायद्याची नोंद, भोगवटादाराचा वर्ग आणि 'इतर हक्क' हा रकाना वाचावा. आपल्या राज्यात शेतजमीन साधारणतः शेतकऱ्यालाच घेता येते. सदनिका असेल तर बांधकामपरवाना, भोगवटा प्रमाणपत्र आणि नवीन प्रकल्प असल्यास महारेराची नोंद मागावी. २०२५ च्या आरंभी नालासोपाऱ्यात ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. त्या जागा सार्वजनिक सोयींसाठी आरक्षित होत्या. तेथील कुटुंबांनी पैसे मोजले होते, संसार थाटले होते. पैसे दिल्याने घर आपले होते, असे नाही.

इसार देण्याची घाई करू नये. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार त्याने मालकी येत नाही, ती नोंदलेल्या खरेदीखताने येते. नुसत्या मुखत्यारपत्रावर घर विकत घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. खत झाल्यावर चार महिन्यांच्या आत ते नोंदणीस द्यावे लागते.

हे सारे सांगताना नाबोथालाही विसरता येत नाही. अहाब राजाने त्याच्या द्राक्षमळ्याला चांगला मोबदला देऊ केला होता, तरी वाडवडिलांचे वतन म्हणून त्याने नकार दिला. सुरुवातीला विचारावयाच्या प्रश्नांत 'विकलेच पाहिजे काय?' हाही प्रश्न असावा, आणि त्याचे उत्तर सर्व हक्कदारांनी मिळून द्यावे. आम्ही विकले, कारण सात वाटेकरी सात ठिकाणी होते आणि छप्पर कोसळू लागले होते. दुसऱ्या घरात उत्तर निराळे येईल.

यिर्मयाची गोष्ट सर्वांना ठाऊक असेल. यरुशलेमेला वेढा पडलेला, संदेष्टा स्वतः कैदेत, आणि अशा वेळी तो चुलतभाऊ हनामेल याजकडून अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुप्याला विकत घेतो. खतावर सही करतो, साक्षीदार बोलावतो, रुपे तराजूत तोलतो, आणि मोहोरबंद व उघडी अशा दोन्ही प्रती मातीच्या भांड्यात ठेवावयास बारूखाला सांगतो, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकतील. उद्याचा भरवसा नसतानाही त्याने कागद नीट ठेवले, कारण मागून येणाऱ्यांना ते लागतील असा त्याचा विश्वास होता.

आपल्या घरांतील कागद बहुधा एखाद्या जुन्या ट्रंकेत असतात आणि ते कुठे आहेत हे एकाच माणसाला माहीत असते. नाताळात घरोघरी मुले, लेकी, जावई एकत्र येतात. त्या दिवसांत एक संध्याकाळ ट्रंक उघडावी, कोरा कागद घ्यावा आणि आजोबांपासून खाली सर्वांची नावे लिहावीत, सासरी गेलेल्या लेकींची आणि दिवंगत भावांच्या मुलांचीही. थोरांनी हयात असतानाच दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करून ठेवावे. २००२ च्या दुरुस्तीनंतर आपणांस त्याचे प्रोबेटही सक्तीचे राहिलेले नाही. घर विकावयाचे नसले तरी हे करावे. भाव वर्षावर्षाला बदलतो आणि तो सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या कागदावरील नावे मात्र आपल्यावाचून दुसरे कोणी सांगू शकणार नाही.